उजवीकडची रिकामी सीट

आमच्या घरी दार लावायला दोन माणसं लागायची. एक दार लावायला आणि दुसरं 'लावलं' म्हणायला.

ही रीत बाबांची. माझे वडील शेषराव दुर्गला रेल्वेत ड्रायव्हर होते, आधी मालगाडीवर, मग पॅसेंजरवर. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर आणि कोळसा टाकणारा फायरमन यांच्यात एक पक्का नियम असतो. सिग्नल दिसला की फायरमननं ओरडायचं, "सिग्नल डाऊन!" म्हणजे सिग्नलचा हात खाली पडलाय, रस्ता मोकळा आहे. ड्रायव्हरनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि तितक्याच मोठ्यानं ओरडायचं, "डाऊन!" हा जवाब येईपर्यंत गाडी पुढे काढायची नाही. बाबा म्हणायचे, "एकट्या माणसाले जे पायजे राह्यते तेच दिसते. दुसऱ्यालेबी तेच दिसलं, त मंग ते खरं."

इंजिनापुरतं हे ठीक होतं, पण बाबांनी नियम डब्यासोबत घरीही आणला. "दार लावलं!" "लावलं!" "कंदील मालवला!" "मालवला!" रेल्वे क्वार्टरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर असं चाललेलं असायचं. एकदा आई मागच्या अंगणातून, उघड्या दारातून चुलीकडे बघत ओरडली, "दूध वर आलं!" बाबा खाटेवरून ओरडले, "वर आलं!" आणि पातेलंभर दूध चुलीत गेलं, कारण जवाब देण्याच्या भरात उठायचं कोणालाच सुचलं नाही. आई म्हणाली, "जवाब भेटला, आता त्याचाच चहा करून देतो तुमाले."

माझा धाकटा भाऊ देवीदास या घरात वाढला, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

देवीदास मिसरूड फुटायच्या आत फायरमन झाला. काही महिने तर बाबांच्याच इंजिनावर होता. घरी बाप, इंजिनावर बाप. दुसरा कोणी पळून गेला असता. पण या दोघांचं तिथं छान जमायचं. घरी एकमेकांशी धड दोन वाक्यं न बोलणारी ही माणसं इंजिनावर सगळा रस्ताभर एकमेकांना हाका घालत जायची. मग भिलाईला कारखाना उभा राहिला, त्याची स्वतःची रेल्वे आली आणि तिथं माणसं हवी झाली. देवीदास तिकडे गेला. भट्टीतून निघालेलं पातळ लोखंड मोठाल्या हंड्यांतून पोलाद करायच्या शॉपपर्यंत न्यायचं, हे त्याचं काम. बाबांना हे उतरल्यासारखं वाटलं. "मेल चालवाची त हंडे वाहून राहिला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

त्या हंड्यांच्या गाडीवरून देवीदासनं विमान पाहिलं. नंदिनीला, चुनखडीच्या खाणींपलीकडे, एक धावपट्टी होती आणि तिथं नुकताच एक फ्लाइंग क्लब निघाला होता. क्लबाचं इवलंसं विमान रविवारी कारखान्यावरून घिरट्या घालायचं. एका रविवारी संध्याकाळी तो मला म्हणाला, "ताई, ते इमान भट्टीच्या वर आलं आन् डावीकडं वळलं."

"मग?"

"कोणाले विचारलं नाही त्यानं."

मला कळेना यात विशेष काय. मग त्यानं समजावलं. रेल्वेच्या इंजिनाला वळवायचं चाकच नसतं. कुठं वळायचं ते रुळांकडेच्या केबिनमधला माणूस खटके ओढून ठरवतो, ड्रायव्हरनं फक्त चालवायचं आणि थांबवायचं. बाबांचं अख्खं आयुष्य असंच गेलं, हाही तसाच चालला होता. स्वतः ठरवून वळणं म्हणजे काय, ते त्याला एकदा बघायचं होतं. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, आणि पोरांच्या मनात एकदा खूळ शिरलं की ते काढता येत नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी त्याला अडवलं नाही.

क्लबात कारखान्यातल्या कामगारांसाठी थोड्या जागा ठेवल्या होत्या. देवीदासनं बाबांना न विचारता नाव घातलं. कळायचं ते कळलंच. बाबा जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "रूळ आहे का तिकडं?"

"नाही."

"सिग्नल?"

"एक दिवा आहे. हिरवा-लाल दाखवते."

"गार्ड?"

"नाही."

"रूळ नाही, गार्ड नाही, आन् सिग्नल म्हणून एक दिवा! कावून जाऊन राहिला मंग मराले?"

देवीदास नेहमीसारखा खाली मान घालून बसला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण तो म्हणाला, "तुमच्या रुळावरबी लोक मरतेतच की बाबा." झालं. बाबा उठले, हात धुतले आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलायचे बंद झाले.

बोलायचे बंद म्हणजे कसे? 'पाणी दे' वगैरे ते तसेही आईलाच म्हणायचे. पण रात्री देवीदास दाराला कडी घालून ओरडायचा, "दार लावलं!" आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घर नुसतं थांबून राहायचं. शेवटी आईच म्हणायची, "लावलं रे बाप्पा, झोप आता." देवीदास झोपायचा, पण त्याआधी अंधारात उठून कडी पुन्हा चाचपून यायचा. आईच्या जवाबावर त्याचा भरवसा बसत नव्हता. मला बाबांचा फार राग यायचा. एवढ्या मोठ्या माणसानं एका शब्दासाठी इतकं अडून बसावं?

तिकडे नंदिनीला मात्र त्याचं मजेत सुरू झालं. विमान पुष्पक, दोन सीटांचं, पंखांना कापड ताणून वर रंग दिलेला. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. शिकवायला हवाई दलातून निवृत्त झालेले ग्रेवालसाहेब होते, उंच, रागीट आणि मनानं चांगले. पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं काम दयारामचं. तो शेजारच्याच गावचा, धावपट्टीवरच्या गाईही तोच हाकलायचा.

पहिल्या दिवशी दयाराम पंख्यापुढे उभा राहून ओरडला, "स्विच ऑफ!" ग्रेवालसाहेब आतून ओरडले, "स्विच ऑफ!" मग दयाराम, "कॉन्टॅक्ट!", म्हणजे स्विच चालू, आणि साहेब, "कॉन्टॅक्ट!" तेव्हा कुठं त्यानं पंख्याला हिसका दिला. जवाब न घेता हिसका दिला आणि आत स्विच उलटा असला तर माणसाचा हात जायचा, म्हणून ही पद्धत. देवीदास घरी येऊन मला म्हणाला, "ताई, ते लोक आपल्यासारखेच आहेत. जवाब देतेत."

शिकताना त्यानं रेल्वेवाल्यांनाच जमेल अशी एक चूक केली. पहिले काही धडे तो विमान वळवायचाच नाही. वेग बरोबर ठेवायचा, इंजिनाच्या आवाजाकडे कान, समोरच्या घड्याळांवर नजर, सगळं चोख. आणि विमान धावपट्टी सोडून शांतपणे गवतात शिरायचं. पुढचा रस्ता वाहनाला आपोआप कळतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. ग्रेवालसाहेब कपाळावर हात मारून म्हणायचे, "पटरी नहीं है, भाई! पटरी तू है!" गाई पांगवता पांगवता दयाराम हसून लोळायचा.

तेही हळूहळू जमलं. पायांनी सुकाणू, हातानं दांडा, वर चढणं, वळणं, खाली येणं, सगळं बसलं. एक खोड तेवढी राहिली. देवीदास जे काही दिसेल ते मोठ्यानं ओरडायचा. "दिवा हिरवा!" "पट्टी मोकळी!" "वळतो!" साहेबांना ही खोड माहीत झाली होती. ते कंटाळून म्हणायचे, "हां हां, हिरवा. चल." जवाब मिळाला की हा पुढं सरकायचा. दोघांपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं की साहेब दर खेपेला ड्रायव्हरचं, म्हणजे जवाब द्यायचं, काम करतायत.

मग एकट्यानं उडायचा दिवस आला. शिकणाऱ्याचं सगळं त्यावर असतं. साहेब खाली उतरतात, यानं एकट्यानं वर जायचं, धावपट्टीभोवती एक फेरी मारून उतरायचं. ते झालं तर पुढचं शिक्षण, परवाना. नाही झालं तर घर.

पहिल्या खेपेला मी नव्हते, दयारामनं नंतर सांगितलं. साहेब उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा बांधला, पाठीवर थाप मारली. क्लबाच्या शेडमधून हिरवा दिवा दाखवला. विमान उभंच. पुन्हा हिरवा. उभंच. इंजिन तापायला लागलं तेव्हा साहेब पळत गेले आणि त्यांनीच बंद केलं. पहिल्यांदा होतं असं, म्हणाले.

दुसऱ्या खेपेला देवीदास मला सोबत घेऊन गेला. मी कुंपणाशी, कडुलिंबाखाली उभी होते. हिरवा दिवा लागला. विमानाच्या काचेतून मला त्याचं तोंड दिसत होतं. तो ओरडला, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले, आणि लगेच त्यानं मान उजवीकडे वळवली. रिकाम्या सीटकडे. मग पुन्हा पुढे. पुन्हा उजवीकडे. शेवटी विमान सुटलं, जोरात धावलं आणि निम्म्या पट्टीवर मंद होऊन थांबलं. मी जे समजायचं ते समजले. तशी मान मी रोज घरी पाहत होते. कडी घातल्यावर खाटेकडे वळणारी.

ग्रेवालसाहेब ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "डर लगता है तो शर्म की बात नहीं. अगले इतवार आखरी बार. नहीं हुआ तो सीट दूसरे को दूँगा."

परत येताना मी विचारलं, "साहेबाले सांगत कावून नाहीस?"

"काय सांगू? कोणी हो म्हटल्याबिगर माही गाडी हालत नाही म्हणून? लहान लेकरू समजतीन मले."

"मग दे ना आपणच जवाब. कोण ऐकायला आहे?"

तो चिडला. "आपणच हाक माराची, आपणच जवाब द्याचा? बाबा काय म्हणत होते इंजिनावर? 'सोताच्या हाकेले सोताच जवाब देणारा ड्रायव्हर एक दिवस गाडी घालवते.' बेइमानी आहे ते."

बाबांनी त्याला इतकं पक्कं शिकवलं होतं की आता खुद्द बाबांशिवाय ते कोणी सोडवू शकत नव्हतं. आणि बाबा तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. आठवडाभर देवीदास नीट जेवला नाही. मी ठरवलं, पुरे झालं.

बाबा ड्यूटीवरून आले होते, कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते. मी पुढ्यात जाऊन बसले आणि प्रस्तावना न करता म्हणाले, "देव्याचं विमान नाही उडालं."

पाण्याकडे बघत ते म्हणाले, "कावून?"

"हाक मारते, पण जवाब नाही येत. बाजूची सीट खाली राह्यते."

"मंग?"

"मग काय? जवाब आल्याबिगर गाडी काढाची नाही, हे कोणं शिकवलं त्याले? आता भोगा. रविवारी शेवटची खेप आहे."

बाबांनी पाय पुसले. टॉवेल घडी करून ठेवला. मला वाटलं, दगडावर डोकं आपटलं.

रविवारी सकाळी देवीदास अंधारातच सायकलनं निघून गेला. उजाडल्यावर बघते तर बाबा ड्यूटीचा निळा कोट घालून, पितळी बटणं लावून तयार. आईनं विचारलं, "आज त सुट्टी आहे ना?" बाबा मला म्हणाले, "चाल." बसनं जायला ते तयार नव्हते. नंदिनीहून चुनखडी आणायला रिकामी मालगाडी जायची, तिच्या ड्रायव्हरची आणि यांची ओळख. आम्ही दोघं गार्डाच्या डब्यात बसून गेलो. रस्ताभर बाबा खिडकीतून प्रत्येक सिग्नलला मान डोलावत होते.

आम्ही पोचलो तेव्हा देवीदास विमानाशेजारी उभा होता. बाबांना बघून त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, न्यायला आले. बाबा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. इतक्या महिन्यांनंतर पहिलं वाक्य बोलले ते असं: "हाक मारल्यावर जवाब न देणं हा गुन्हा आहे. माह्या हातून झाला. मी बाप म्हणून नाही आलो, ड्रायव्हर म्हणून आलो."

बाबांनी कुंपणाकडे बोट केलं.

"मी तिथं उभा राह्यतो, त्या निंबाच्या बुडाशी. तू हाक मार. मी हात वर केला का जवाब समज."

"आन् वर गेल्यावर, बाबा?"

बाबांनी वर बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. तिथं एक घार सोडून काही नव्हतं.

"वर मी नाही येऊ शकत," ते म्हणाले. "वर तूच ड्रायव्हर आन् तूच फायरमन. हाकबी तूच मार, जवाबबी तूच दे. मी सांगून राहिलो, त बेइमानी नाही होत. पण मोठ्यानं दे. मनातल्या मनात नाही."

ग्रेवालसाहेबांना मराठी कळत नव्हतं. ते मला विचारत होते, "ये इंजिन ड्राइवर साहब क्या बोल रहे हैं?" मी म्हटलं, "लाईन क्लियर दे रहे हैं." ते बुचकळ्यात पडले आणि दिवा दाखवायला शेडकडे गेले.

दयाराम पंख्यापुढे आला. "स्विच ऑफ!" आतून देवीदास, "स्विच ऑफ!" बाबा निंबाकडे निघाले होते, ते गर्रकन वळले. "कॉन्टॅक्ट!" "कॉन्टॅक्ट!" पंखा फिरला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "हे लोकबी जवाब देतेत?" मी म्हटलं, "हो." "सांगतलं कावून नाही मंग पह्यलेच?"

हिरवा दिवा लागला. काचेमागे देवीदासचे ओठ हलले. त्यानं या खेपेला रिकाम्या सीटकडे बघितलं नाही, कुंपणाकडे बघितलं. बाबांचा हात सरळ वर होता. विमान सुटलं, धावलं, निम्मी पट्टी ओलांडली आणि जमिनीवरून सुटलं.

माझं सगळं लक्ष विमानाकडे होतं, त्यामुळे शेजारी काय चाललंय ते मला उशिरा कळलं. विमान खाणींच्या अंगाला वळलं, तसे बाबा मोठ्यानं ओरडले, "वळला!" मी दचकले. विमान परतीच्या बाजूला आलं, "वळला!" मग पट्टीच्या समोर, "मोकळी!" त्यांचा आवाज जेमतेम शेडपर्यंत पोचत असेल. वरून हाक ऐकू येणं तर शक्यच नव्हतं. पण हाक आली असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि एकाही हाकेला जवाबावाचून ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. ओरडून ओरडून त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मला रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही.

विमान दोनदा उडी मारून उतरलं. ग्रेवालसाहेबांच्या मते एकदाच मारायला हवी होती.

लोक मला विचारतात, मग देवीदास मोठा पायलट झाला का? नाही झाला. परवाना मिळाला, बरीच वर्षं रविवारी उडायचा. भिलाईवरून जाताना वळायचं असलं की स्वतः ठरवून वळायचा, आणि सोमवारी पुन्हा लोखंडाच्या हंड्यांवर. त्यातच तो खूश होता. कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हा इंजिनांचा फोरमन होता.

त्या रविवारी संध्याकाळी मात्र घरी कोणी विमानाचा विषय काढला नाही. देवीदास जरा उशिरा आला, सायकल आत घेतली. आम्ही सगळे जेवायला बसलेलो. त्यानं कडी घातली आणि सवयीनं ओरडला, "दार लावलं!"

बाबांच्या तोंडात घास होता. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मी बघितलं. देवीदास कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. बाबांनी घाई केली नाही. सावकाश घास चावला, गिळला, वर पाणी प्यायले, मग वळून दाराकडे नीट बघितलं.

"लावलं," ते म्हणाले. "ये, जेव."